बसण्णा आणि झेंडूची फुलं

दसऱ्याच्या सकाळी बसण्णा मिस्त्री तलावाच्या पायरीवर मांडी घालून बसायचे आणि आदल्या दिवशीच्या पूजेचं निर्माल्य पाण्यात सोडण्याआधी झेंडूचं एकेक फूल उलगडून बघायचे. वरवर नव्हे. डाव्या चिमटीत देठ धरायचे, उजव्या अंगठ्याने पाकळ्या बाजूला सारायचे, आत बघायचे, फूल झटकायचे आणि मग पाण्यात सोडायचे. टोपलीभर फुलं असायची. पंपहाऊसच्या वसाहतीतली माणसं लांबून बघून हसायची. नव्याने आलेल्या एका इंजिनिअरने मला विचारलं, "मिस्त्रींच्या डोक्यावर परिणाम झालाय का हो?" मी म्हणालो, "नाही साहेब, फुलांत किडे असतात, पाण्यातल्या माशांना बाधतात." माझ्या या शास्त्रावर त्याचा विश्वास बसला. खरं कारण मला ठाऊक होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. आता बसण्णाही नाहीत आणि त्यांच्या पार्वतव्वाही नाहीत, म्हणून लिहायला बसलो आहे.

मी मूळचा नातेपुत्याचा. सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर मला पंप चालवायची नोकरी लागली तेव्हा मोठा दुष्काळ अजून पडायचा होता. पहिल्या दिवशी मला मिस्त्रींच्या हाताखाली दिलं. उंच, काळेकभिन्न, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाचा शिवदारा, अंगात बंडी आणि खाकी अर्धी विजार. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. "डोळं मीट," म्हणाले. मी मिटले. माझ्या दोन्ही तळहातांवर त्यांनी एकेक नट ठेवला.

"कुटला जड हाय?"

"सारखेच आहेत."

"सारके? डाव्याच्या आत वायसर अडकलाय की! डोळा फसवतोय तम्मा, हात फसवत न्हाय." तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. मग त्यांनी शेजारच्या क्वार्टरकडे तोंड करून हाक मारली, "पार्वती, ये हिकडं!" एक ठेंगणी बाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिने नेहमीचं काम असल्यासारखे डोळे मिटले, नट घेतले, "डावा जड हाय," म्हणाली आणि भाकरी करपेल म्हणून लगबगीने आत गेली. त्या दिवशी मी मनातून चांगलाच खजील झालो. पुढे कळलं की ही परीक्षा ते प्रत्येक नव्या माणसाची घेतात आणि सगळेच नापास होतात.

बसण्णा अक्कलकोटकडचे. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. राग तर रोजचाच. पाना जमिनीवर ठेवला म्हणून ते मला शिव्या द्यायचे, फडक्यावर ठेवला तर फडकं मळकं आहे म्हणून द्यायचे. पार्वतव्वांवर तर त्यांचं तोंड दिवसभर चालू. आमटी अळणी झाली, कंदिलाची काच धुतली नाही, शेंगाचटणीत लसूण कमी पडला. त्यांचा आवाज तलावापलीकडे ऐकू जात असेल असं आम्ही म्हणायचो. बाई कधी उलट बोलायच्या नाहीत. मी एकदा न राहवून म्हणालो, "अव्वा, तुम्ही ऐकून कशा घेता?" त्या म्हणाल्या, "मिशनीचा आवाज बंद झाला तर भ्या वाटतंय का न्हाय तुमाला? तसंच हाय बाबा."

दुसऱ्याचं काही हरवलं की मात्र त्यांच्याजवळ एकच शब्द होता: होगली. म्हणजे जाऊ दे. माझी सायकल बाजारातून चोरीला गेली तेव्हा मी रडकुंडीला आलो होतो. बसण्णांनी विडीचा झुरका घेतला आणि "होगली तम्मा," म्हणून मोकळे झाले. आणि स्वतःचा एक वायसर हरवला तर? अख्खी वसाहत डोक्यावर घ्यायचे. माझ्यासकट सगळ्यांना गुडघ्यांवर बसवून जमीन चाचपायला लावायचे आणि सापडल्यावर त्या वायसरला नमस्कार करायचे. "लोखंडाला ल्हान-मोटं न्हाय," म्हणायचे. "ल्हान रुसला की मोटं बंद."

या सगळ्या आरडाओरड्यात एक माणूस त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलू शकत असे. ती म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, नीलव्वा. बापाचीच उंची, बापाचाच रंग. "अप्पा, गप बसा की जरा," म्हणाली की हा माणूस खरोखर गप बसायचा. तिचं लग्न तलावाच्या पलीकडच्या वाडीत झालं. बसण्णांनीच ते स्थळ हट्टाने बघितलं होतं, कारण पंपहाऊसच्या गच्चीवरून त्या घराचं चिंचेचं झाड दिसायचं. संध्याकाळी विडी ओढायला ते गच्चीवर जायचे ते त्यासाठीच.

आता होडीविषयी सांगायला हवं. ती मुळात शिडाची होडी. सोलापुरातल्या एका मिलच्या साहेबाने ती हौसेने मुंबईहून मागवलेली. वारा पडला तर काठाला लागता यावं म्हणून तिच्यात एक लहानसं डिझेल इंजिन बसवलेलं होतं. साहेब देश सोडून गेला आणि होडी आमच्या गळ्यात पडली. साहेबाने बसण्णांना शीड चालवायला शिकवलं होतं, त्याचा त्यांना फार अभिमान. "वारा कुटनं येतोय ते गालाला इचारायचं," असं ते सांगायचे आणि आम्हाला होडीत बसवून भर तलावात गोल फिरवायचे.

दुष्काळात तलाव आटला. होडी भेगाळलेल्या चिखलात एका कुशीवर पडून राहिली. जवळच खडी फोडण्याचं काम निघालं होतं. बाया दिवसभर उन्हात खडी फोडायच्या आणि त्यांची तान्ही पोरं दगडांच्या आडोशाला निजवलेली असायची. बसण्णांनी एक दिवस शीड उतरवलं, चार बांबूंवर ताणलं आणि त्याचा मांडव केला. वरच्या साहेबाने विचारलं, सरकारी शीड का उतरवलं? बसण्णा म्हणाले, "पाणीच न्हाय तर वारा घेऊन काय करायचं सायेब?" दुष्काळ सरेपर्यंत त्या शिडाच्या चिंध्या झाल्या. पुढे पाऊस झाला, तलाव तुडुंब भरला, होडी पुन्हा तरंगली. पण आता ती नुसत्या इंजिनावर चालायची. नवं शीड कुणी मागितलं नाही आणि कुणी दिलंही नाही.

त्या वर्षी नीलव्वाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलेलंच होतं. पण सासरी देवीचे घट बसायचे, आणि घट उठेपर्यंत सुनेने उंबरा ओलांडायचा नाही, अशी त्या घरची रीत. म्हणून दसऱ्याच्या दिवशी तिला आणायचं ठरलं. रस्त्याने बैलगाडी आणायची तर तलावाला वळसा, वाटेत काळ्या रानातला चिखल, मधला ओढा आणि पोटातलं पाणी हलवणारे खड्डे. बसण्णा म्हणाले, "माजी पोरगी पाण्यावरनं येनार. ताटातलं पाणी सांडनार न्हाय, असं आनतो."

त्यासाठी त्यांनी होडी काठावर ओढून घेतली आणि भाद्रपदातच दुरुस्तीला काढली. दुष्काळात दगडावर आपटून मागच्या पंख्याचं एक पातं वाकलं होतं. तो पंखाच होडीला पाण्यातून ढकलत असे. त्यांनी पंखा दांड्यावरून उतरवला, पातं ठोकून सरळ केलं, दांड्याच्या भोकातून पाणी झिरपायचं तिथलं सुंभ बदललं, दांडा घासून लखलखीत केला. मी हाताखाली होतोच. दांड्याचं टोक निमुळतं असतं, त्यावर पंखा घट्ट रुतून बसतो. पण नुसत्या रुतण्यावर भागत नाही. दांड्यात एक खाच, पंख्यात एक खाच, आणि दोहोंत मिळून बसणारा बोटाच्या पेराएवढा चौकोनी पितळी तुकडा. त्याला चावी म्हणतात. ती आहे तोवर दांडा फिरला की पंखा फिरतो. ती नसेल तर इंजिन नुसतं बोंबलत राहतं.

बसण्णांनी आधी चावीशिवाय पंखा चढवून बघितला आणि तो जिथपर्यंत गेला तिथे दांड्यावर कानशीने बारीक खूण केली. मग चावी घालून चढवला. पंखा बरोबर खुणेवर आला. "बगितलंस? चावी घातल्यावर पंका खुनंला टेकला न्हाय, तर चावी जाड हाय म्हनून समज. मग जबरदस्ती करायची न्हाय. घासायचं, बगायचं, घासायचं. लोखंडाला घाई कळत न्हाय." सगळं मनासारखं जमलं. पंखा आता कायमचा आवळून टाकायचा एवढंच बाकी होतं, पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारं पूजेला लावायची आणि त्या दिवशी त्यांना कामाला हात लावायचा नाही, ही रीत तर सगळ्यांचीच. बसण्णांचं प्रस्थ मात्र मोठं होतं. त्यांच्या क्वार्टरच्या ओसरीवर घोंगडं अंथरलं जायचं आणि त्यावर पाने, हातोडे, कानशी ओळीने मांडल्या जायच्या. त्या वर्षी मधोमध पंखा. त्याच्या प्रत्येक पात्याला हळदकुंकू. समोर एका पितळी तबकात नट, तो सुटू नये म्हणून घालायची खीळ आणि चावी. मी म्हणालो, "अण्णा, एवढ्याशा चावीला कशाला पूजेत?" तर माझ्यावर डाफरले. "तिच्याच जिवावर माजी पोरगी येनार हाय! तिला पैलं फूल." आणि खरोखरच त्यांनी चावीला हळद माखली आणि तबकात भरगच्च झेंडू घालून त्याच्यात ती ठेवली. पितळेचा तुकडा, हळदीचा रंग आणि पिवळा झेंडू. दोन पावलांवरून काही दिसत नव्हतं.

दसऱ्याला सकाळी त्यांनी उत्तरपूजा केली, हत्यारांवर अक्षता टाकून त्यांना मोकळं केलं. आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात त्यांचा जावई आला. ओढ्यातून आल्याने छातीपर्यंत भिजलेला. म्हणाला, पहाटेपासून कळा सुरू झाल्यात, अंगावरनं जायला लागलंय, सुईण म्हणते सोलापूरला न्या, माझ्या हातातलं काम नाही. 

बसण्णांनी पंखा उचलला. "पार्वती, फुलं उचल, जागा मोकळी कर!" असं ओरडतच ते निघाले. मी पाने घेतले. काठावर जाऊन पंखा होडीपाशी ठेवला, दांड्याला ग्रीस लावलं, आणि मग नट, खीळ, चावी आणायला आम्ही दोघं परत आलो. तबक ओसरीवर होतं. आत नट होता, खीळ होती. फूल एकही नव्हतं.

"फुलं कुटं हायती?"

"सोडली की पान्यात. तुमीच म्हनला, उचल म्हनून." पार्वतव्वा मुलीसाठी लुगड्यांचं बोचकं बांधत होत्या. त्यांनी वर बघितलंही नाही.

मी बसण्णांच्या तोंडाकडे बघितलं. एका वायसरसाठी गाव डोक्यावर घेणारा माणूस. मला वाटलं, आता हे घर फुटणार.  ते बायकोच्या पाठीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "होगली." आणि मला दंडाला धरून बाहेर नेलं.

"अण्णा, बुडी मारून बघू का?"

"धरनाच्या भिंतीवरनं सोडत असती ती. खाली दोन पुरुस पानी, त्याच्या खाली गाळ." त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की मला ओरडावंसं वाटलं. "तम्मा, ऐक. चावी माज्या हातनं पडली. पंका नेताना. तुजं तोंड हे बोलंल, दुसरं बोलायचं न्हाय. जलमात न्हाय."

जावई मागेच येऊन उभा होता. त्याने शेवटचं तेवढंच ऐकलं. "चावी पडली? तुमच्या हातनं?" तो किंचाळला. ते ऐकून पार्वतव्वा दारात आल्या. बसण्णा त्यांच्याकडे न बघता मोठ्याने म्हणाले, "व्हय, पडली. येंधळा हाय मी." पार्वतव्वा उंबऱ्यातच थांबल्या, हातात बोचकं तसंच. मग आत वळल्या.

भांडारात पितळेचा तुकडा मिळाला नाही. एक लोखंडी तुकडा मिळाला, तो शिकंज्यात धरून बसण्णा कानशीने घासायला लागले. एरवी अर्ध्या दिवसाचं काम. जावई डोक्याला हात लावून जमिनीवर बसला होता आणि दर थोड्या वेळाने "झालं का?" म्हणत होता. घासायचं, बघायचं, घासायचं. चावी खाचेत गेली. पंखा चढवला. खुणेच्या अलीकडे थांबला, तांदळाच्या दाण्याएवढा. मी बघितलं, त्यांनी बघितलं. पुन्हा उतरवून चावी घासली असती तर तो खुणेवर बसला असता. बसण्णांनी नट घेतला आणि सगळ्या ताकदीने आवळला. खीळ घातली, तिचे पाय वाकवले. त्यांना मी खुणेआधी काम थांबवताना बघितलं ते त्या एकाच दिवशी. आम्ही होडी पाण्यात लोटली आणि पार्वतव्वा बोचकं घेऊन आत बसल्या.

जाताना काही झालं नाही. इंजिन टकटकत होतं, पाणी मागे सरत होतं, आणि मी वेड्यासारखा मनात म्हणत होतो की बसली, चावी बसली. वाडीच्या काठावर नीलव्वाला बाजेवरून आणून ठेवलेलं होतं. तिला होडीत घेतलं. डोकं आईच्या मांडीवर, पाय नवऱ्याच्या मांडीवर. बापाला बघून ती हसली. "अप्पा, दसऱ्याला सोनं आनलं न्हाय का?" बसण्णा म्हणाले, "तूच सोनं की माजं." आणि इंजिनाचं हँडल फिरवलं.

तलावाच्या मध्यावर आलो आणि इंजिनाचा आवाज एकदम हलका झाला. बैलाच्या मानेवरून जू निसटावं तसा. इंजिन जोरात पळत होतं आणि होडी जागच्या जागी हलत होती. बसण्णांनी इंजिन बंद केलं. चावी निसटली होती. जे व्हायचं ते झालं होतं, आणि ते पाण्याखाली होतं, तिथे हात पोचण्यासारखा नव्हता.

"अप्पा, मिशन का गप झालं?"

"थकलं जरा. आलाच बघ काठ, पोरी."

वारा आमच्या पाठीवर होता. पंपहाऊसच्या काठाकडेच वाहत होता. तो वारा मी आयुष्यात विसरणार नाही. शिडाच्या होडीत आम्ही बसलो होतो, हवा तसा वारा होता, आणि शीड चिंध्या होऊन गेलं होतं. पार्वतव्वांनी बोचक्यातून लेकीसाठी आणलेलं नवं इरकल लुगडं काढलं आणि न बोलता माझ्यापुढे धरलं. मी आणि जावयाने ते होडीतल्या दोन बांबूंना बांधून उभं धरलं. बसण्णा सुकाणूवर बसले. होडी सरकली. पण लुगडं ते लुगडं. वारा त्यातून निसटत होता. काठ दिसत होता, काठावरची माणसं दिसत होती, आणि जवळ येत नव्हती. होडीच्या तळाशी साचलेलं पाणी लाल होत चाललं होतं. पार्वतव्वा लेकीच्या कानाशी कन्नडमध्ये काहीतरी म्हणत होत्या, बहुतेक लहानपणचं काही. नीलव्वा आधी हुंकार देत होती. मग थांबली.

काठावर ऑफिसची जीप तयार होती. आम्ही दवाखान्यात गेलो. आई आणि बाळ, दोघंही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. डॉक्टर लोकांनी हे वाक्य बोलू नये असं मला अजून वाटतं. त्याने कुणाचं काही बरं होत नाही, ऐकणाऱ्याच्या छातीत मात्र ते आयुष्यभर राहतं.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, चावी कशी हरवली? "हातनं पडली सायेब. तळ्यात." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. सोलापुरात त्यांच्या धंद्यातली जी माणसं त्यांना मानत होती, ती म्हणायला लागली की म्हातारा आता कामातून गेला. जावई दिवसकार्याला बसण्णांच्या समोर उभा राहून म्हणाला, "तुमच्या हातानं मारली तुमी माजी बायकू." त्यानंतर तो पुन्हा त्या दारात आला नाही. बसण्णांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. पार्वतव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. पण त्यांनी नवऱ्याला एका शब्दाने बोल लावला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. वसाहतीतल्या बाया म्हणायच्या, केवढी सोशीक बाई ही, दुसरी असती तर माहेरी निघून गेली असती. मलाही तसंच वाटायचं.

बसण्णांचा आवाज त्या दसऱ्यापासून गेला. बोलायचे, पण ओरडणं संपलं. आमटी अळणी असली तरी जेवायचे. मी मुद्दाम पाना जमिनीवर ठेवला, तर उचलून फडक्यावर ठेवला आणि पुढे गेले. त्या घरातून आवाज येईनासा झाला आणि पार्वतव्वा म्हणाल्या होत्या तेच झालं, आम्हाला भीती वाटायला लागली. गच्चीवर जाणंही त्यांनी सोडलं. होडी काठावर पालथी घालून ठेवली ती तशीच राहिली. मी एकदा धीर करून म्हणालो, "अण्णा, एकदा तरी अव्वांना खरं सांगून टाका. तुमचं मन हलकं होईल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माजं हलकं हुईल. मग ते जाईल कुटं? तिच्यावरच की." पुढे म्हणाले, "मी चावी पूजंला लावली. मी म्हनलं फुलं उचल. मी खुनंच्या अलीकडं नट आवळला. हे सगळं माजंच हाय. तिचं एवडंसंच हाय, त्ये बी मी ठेवून घेतलं. होगली."

आणि दर दसऱ्याला ते स्वतः निर्माल्य घेऊन पायरीवर बसायचे. पार्वतव्वांना फुलांना हात लावू द्यायचे नाहीत. एकेक फूल उलगडायचे. हरवलेली चावी सापडेल असं वाटण्याएवढे ते खुळे नव्हते. पण ज्या हाताने एकदा बघितलं नाही, त्या हाताला ते बघायला लावत होते, असं मला वाटायचं. हे मी त्यांना कधी विचारलं नाही. दसऱ्याला आम्हा कुणाला त्यांच्याशी बोलावंसंच वाटायचं नाही.

पुढे काही वर्षांनी बसण्णा गेले. छातीत दुखतं म्हणून ओसरीवर पडले, ते तिथेच. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून, विभूती लावून, मातीत ठेवलं. मी खांदा दिला. जावई आला नव्हता. पार्वतव्वा रडल्या नाहीत, नुसत्या त्यांचे हात चोळत बसल्या होत्या, थंडीत माणसाचे चोळतात तसे.

क्वार्टर सोडायला त्यांना थोडी मुदत मिळाली, तेवढ्यात खंडेनवमी आली. बसण्णांची हत्यारं त्यांनी घोंगड्यावर मांडली, फुलं वाहिली. दसऱ्याला सकाळी मी पंप सुरू करून बाहेर आलो, तर त्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी टोपली. डाव्या चिमटीत देठ, उजव्या अंगठ्याने पाकळ्या बाजूला. आत बघून, झटकून, मग पाण्यात.

 मी जवळ जाऊन उभा राहिलो. "अव्वा, हे तुम्ही कशाला करताय?"

त्यांनी हातातलं फूल पुरतं बघितलं, पाण्यात सोडलं आणि मग म्हणाल्या, "त्या दिशी वंजळ जड लागली व्हती बाबा."

त्यांनी रिकामी ओंजळ धरून दाखवली.

"झेंडू एवडा जड नसतोय. हाताला कळलं, पर ध्यान पोरीकडं व्हतं. सोडून दिलं. मग ते दारात म्हनले, माज्या हातनं पडली, तवाच समजलं." त्या पाण्याकडे बघत होत्या. "सांगनार व्हते. लई डाव तोंडापत्तूर आलं. पर माज्यासाटी एवडं वज्जं उचलून चालला व्हता मानूस. त्याच वज्ज्यावर उभा व्हता. काडून घेतलं असतं तर पडला असता की."

त्यांनी टोपलीतून दुसरं फूल घेतलं. टोपली अजून बरीच भरलेली होती. मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो आणि एक फूल उचलून त्याच्या पाकळ्या बाजूला करायला लागलो.